सगळेच मोझिला

ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाकडे पान मागायला जातो, तेव्हा आधी स्वतःची ओळख सांगतो. ही ओळख वाचकाच्या पडद्यावर उमटत नाही. ती थेट सर्व्हरच्या कानात सांगितली जाते. जगात सगळ्यात जास्त वापरला जाणारा क्रोम विंडोजच्या संगणकावरून ती कशी देतो, हे देवनागरीत लिहायचं तर साधारण असं: 'मोझिला/५.० (विंडोज एनटी १०.०) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० सफारी/५३७.३६'.

ऐकायला हे भारदस्त वाटतं, पण यातलं बहुतेक सगळं सोंग आहे. मोझिला हे फायरफॉक्सवाल्यांचं घराणं, क्रोमचा त्याच्याशी काही संबंध नाही. वेबकिट ॲपलचं, आणि त्यातून क्रोमची शाखा २०१३ सालीच फुटून निघाली. केएचटीएमएल हे लिनक्सवरच्या कॉन्करर ब्राउझरचं जुनं इंजिन. 'लाइक गेको' म्हणजे गेकोसारखा, आणि गेको हे पुन्हा फायरफॉक्सचं इंजिन. सफारी तर उघडउघड प्रतिस्पर्धी. एवढ्या नावांत क्रोमचं स्वतःचं नाव एकदाच येतं, तेही गर्दीत. गावात पोलिसाच्या वेषात येऊन दरडावणारा बहुरूपी निदान शेवटी हसून बिदागी मागतो आणि सोंग उतरवतो. ब्राउझरांनी ते गेल्या तीस वर्षांत उतरवलेलं नाही. त्यांना ते उतरवता येत नाही, आणि का येत नाही याचं उत्तर शोधत गेलं की वेबवर 'प्रमाणक' नावाच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या वस्तूला एवढी किंमत का, ते कळतं.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. १९९३च्या एप्रिलमध्ये सर्नने वेबचं तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझॅक हा ब्राउझर बाजारात आणला. मजकुराच्या मधोमध चित्र दाखवण्यासाठी एक नवी खूण असावी, असा प्रस्ताव अँड्रीसनने १९९३च्या फेब्रुवारीत मांडला होता. इतरांनी वेगळे पर्याय सुचवले, चर्चा झाली, आणि चर्चा चालू असतानाच मोझॅकमध्ये अँड्रीसनचीच खूण बसवली गेली. ती आज प्रत्येक वेबपानात आहे. आधी करून मोकळं व्हायचं आणि मग नियम त्यामागून यायचा, ही वेबची खोड इतकी जुनी आहे.

अँड्रीसन पुढे नेटस्केप कंपनीत गेला. मोझॅकला खाऊन टाकणारा राक्षस म्हणून नव्या ब्राउझरला घरातलं नाव पडलं मोझिला, आणि सर्व्हरला ओळख देताना तो हेच नाव सांगू लागला. नेटस्केपला पानाचे कप्पे पाडून दाखवता येत. त्यांना 'फ्रेम' म्हणत. बाकीच्यांना ते जमत नसे. मग संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी सोपी युक्ती काढली: दारात मोझिला आला तर कप्प्यांचं देखणं पान द्यायचं, दुसरा कोणी आला तर साधं. पुढे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्यालाही कप्पे येऊ लागले, पण दारवान त्याला साधंच पान देत राहिले. प्रत्येक संकेतस्थळाच्या मालकाला गाठून समजावत कोण बसणार? एक्सप्लोररने दारात आपलं नाव मोझिला सांगायला सुरुवात केली आणि खरं नाव कंसात ठेवलं. पुढे गेको आलं, तेव्हा चांगली पानं गेकोला मिळू लागली, म्हणून केएचटीएमएल 'गेकोसारखा' झाला. केएचटीएमएलमधून ॲपलने २००३ साली सफारी काढला, त्याने सगळी बिरुदं लावली. २००८ साली क्रोम आला, त्याने सफारीचीही लावली. सामान वाढत गेलं, टाकलं कुणीच नाही.

दारात नाव विचारून पान देण्याची ही पद्धत किती हास्यास्पद ठरू शकते, ते २००३च्या फेब्रुवारीत दिसलं. नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्टचं एमएसएन उघडलं की मजकूर डावीकडे सरकून तुटलेला दिसे. ऑपेराच्या तंत्रज्ञांनी खोदून पाहिलं, तर एमएसएनचा सर्व्हर ऑपेरासाठी मुद्दाम वेगळी मांडणी पाठवत होता, आणि तिच्यात मजकूर तीस बिंदू डावीकडे ढकलायची सूचना होती. मग त्यांनी आपल्या ब्राउझरचं नाव 'ऑपेरा'ऐवजी 'ओप्रा' असं सांगून पाहिलं. पान नीट आलं! ऑपेराने यावर निषेधाचं पत्रक वगैरे काढून न थांबता आपल्या ब्राउझरची एक खास आवृत्तीच काढली. तिच्यात एमएसएन उघडलं की सगळा मजकूर 'मपेट शो'मधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या अगम्य बडबडीत वाचायला मिळे. बाकी सगळी संकेतस्थळं व्यवस्थित.

पण मुळात एकच पान दोन ब्राउझरांत वेगळं का दिसावं? कारण सर्व्हरकडून येतो तो पानाचा फोटो नसतो, नुसता मजकूर असतो आणि त्यासोबत सूचना असतात: हा मथळा, हा परिच्छेद, इथे चित्र, ही चौकट इतक्या रुंदीची. या सूचना वाचून पान रचायचं काम ब्राउझरचं. हस्तलिखिताची एकच प्रत पूर्वी दोन छापखान्यांत दिली, तर दोन कंपोझिटर खिळे आपापल्या समजुतीने जुळवत. समासात 'इथे थोडी जागा सोडा' असं लिहिलेलं असेल, तर थोडी म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वेबची प्रमाणकं म्हणजे त्या 'थोडी'चं माप. ती ठरवण्यासाठी बर्नर्स-ली यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था सुरू केली. त्याच वर्षी हॉकोन विउम ली यांनी पानाची मांडणी आणि सजावट सांगणाऱ्या सीएसएस या भाषेचा प्रस्ताव मांडला, आणि १९९६च्या डिसेंबरात तिचं पहिलं प्रमाणक आलं.

माप ठरल्यावरही घोळ कसा होतो, हे महाराष्ट्रात फ्लॅट घेतलेल्या कोणालाही चटकन समजेल. सीएसएसमध्ये 'चौकटीची रुंदी ३०० बिंदू' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ प्रमाणकाच्या मते आतल्या मजकुराची जागा ३००. कडेची रेघ आणि आतली मोकळी जागा त्याहून वेगळी. म्हणजे कार्पेट एरिया. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र रेघ, मोकळी जागा सगळं धरून ३०० मोजायचा. म्हणजे भिंतींसकट, बिल्ट-अप. संकेतस्थळ तेच, सूचना तीच, पण एका ब्राउझरमध्ये तीन चौकटी शेजारी शेजारी बसत आणि दुसऱ्यात तिसरी घसरून खाली जाई. पानं तयार करणाऱ्यांनी या एका भानगडीवर रात्री घालवल्या. गंमत अशी की पुष्कळांना मनातून एक्सप्लोररचीच मोजणी सोयीची वाटे. पुढे सीएसएसमध्ये कोणत्या पद्धतीने मोजायचं ते सांगण्याची सोय आली, आणि आज असंख्य संकेतस्थळं पहिल्याच काही ओळींत 'भिंतींसकट मोजा' अशी सूचना देतात. थोडक्यात, एक्सप्लोररची मोजणी वाईट नव्हती. ती ठरलेली नव्हती, एवढंच.

चूक दुरुस्त करतानाही पंचाईत झाली. जुन्या, चुकीच्या मोजणीवर विसंबून हजारो पानं बांधलेली होती. ब्राउझर सुधारला की ती मोडणार. यावर तोडगा निघाला तो पानाच्या पहिल्या ओळीत. तिथे 'डॉकटाइप'ची नेमकी खूण असेल, तर लिहिणाऱ्याला नियम ठाऊक आहेत असं मानून पान नियमाने रचायचं. नसेल तर जुन्या काळचं समजून जुन्या चुकांसह दाखवायचं. २००० साली मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोररने हे पहिल्यांदा केलं, आणि आजचा प्रत्येक ब्राउझर तेच करतो. म्हणजे आजच्या अद्ययावत ब्राउझरच्या पोटातही नव्वदच्या दशकातल्या चुका जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्या चुका नेमक्या कशा करायच्या याचंही आता प्रमाणक आहे.

नव्वदच्या दशकातले ते दिवस ब्राउझरांच्या युद्धाचे होते. नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरं आणली, तर एक्सप्लोररने सरकणारी. ब्रेंडन आइक याने १९९५ साली नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला नमुना तयार केला. मायक्रोसॉफ्टने तिची नक्कल केली, थोडी वेगळी. दर काही महिन्यांनी नवी करामत. पानांच्या तळाशी 'हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल' अशी बिल्ले लावल्यासारखी चित्रं असत. लुकलुकणारी अक्षरं फायरफॉक्सने २०१३ साली काढून टाकली. सरकती पट्टी मात्र प्रमाणकात 'कालबाह्य' म्हणून नोंदली जाऊनही सगळे ब्राउझर आजवर दाखवत आले आहेत. आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांवर निविदा आणि परिपत्रकं अजून तिच्यावरून सरकतात, त्यामुळे तिला एवढ्यात मरण नसावं.

युद्ध मायक्रोसॉफ्टने जिंकलं, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१च्या ऑगस्टमध्ये आली. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एक्सप्लोरर वापरत होते. स्पर्धाच उरली नव्हती. सातवी आवृत्ती यायला २००६चा ऑक्टोबर उजाडला. पाच वर्षं वेब एका ब्राउझरच्या चुकांभोवती गोठून राहिली. नियमाप्रमाणे पान लिहायचं, मग ते एक्सप्लोररमध्ये का फुटतं ते शोधायचं, आणि मग फक्त त्यालाच दिसतील अशा खास ओळी घालायच्या, हा पानं तयार करणाऱ्यांचा धंदाच होऊन बसला. त्याआधी १९९८ साली जेफ्री झेल्डमन आणि इतर काही जणांनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' हा दबावगट काढला होता. त्यांचं हत्यार होतं चाचणी. २००५ साली त्यांनी काढलेल्या चाचणीत, ब्राउझरने सगळे नियम पाळले तर पडद्यावर पिवळा हसरा चेहरा दिसे. एक्सप्लोररमध्ये दिसे लाल चिखल. त्या चिखलाचं चित्र मायक्रोसॉफ्टला कुठल्याही लेखापेक्षा जास्त झोंबलं असणार. एक्सप्लोररमध्ये तो चेहरा नीट हसला तो २००९च्या आठव्या आवृत्तीत.

एका ब्राउझरला बांधून घेतल्याची सर्वांत मोठी किंमत कोणत्या देशाने मोजली असेल, तर दक्षिण कोरियाने. आणि सुरुवात तर दूरदृष्टीने झाली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेने भक्कम सांकेतिक कुलपांच्या निर्यातीवर बंधनं घातली होती, त्यामुळे परदेशात मिळणाऱ्या ब्राउझरांतलं कुलूप कच्चं असे. इंटरनेटवरून बँकेचे व्यवहार सुरू करायला निघालेल्या कोरियाला ते परवडणारं नव्हतं. कोरियाने 'सीड' नावाचं स्वतःचं १२८ बिटांचं कुलूप तयार केलं. ते कुठल्याच ब्राउझरला माहीत नव्हतं, म्हणून बाहेरून जोडायचे तुकडे आले. एक्सप्लोररसाठी त्यांचं नाव ॲक्टिव्हएक्स. नागरिकांना डिजिटल प्रमाणपत्रं दिली गेली, त्यासाठी १९९९ साली कायदा झाला, आणि बँक, खरेदी, सरकारी कामं सगळी या प्रमाणपत्रावर चालू लागली.

मग अमेरिकेची बंधनं सैल झाली, सगळ्याच ब्राउझरांत भक्कम कुलूप आलं, नेटस्केप संपला, आणि कोरिया एक्सप्लोररच्या कोठडीत अडकून राहिला. जगातलं वेगवान इंटरनेट घराघरात, पण मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याला वीजबिलही भरता येईना. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा तिच्यात सुरक्षिततेसाठी ॲक्टिव्हएक्सला वेसण घातलेली होती. कोरियात बँकांचे व्यवहार अडतील म्हणून लोकांना एवढ्यात व्हिस्टा घेऊ नका असं सांगायची वेळ आली. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनी याविरुद्ध मोहीम उघडली, कोर्टात गेले आणि हरले. शिवाय सुरक्षिततेसाठी केलेल्या या व्यवस्थेने लोकांना लावलेली सवय पाहा: पडद्यावर 'हे बसवू का?' अशी खिडकी आली की न वाचता 'हो' म्हणायचं. चोरांना याहून काय हवं!

सरकार हललं ते एका मालिकेतल्या कोटामुळे. २०१३-१४च्या हिवाळ्यात 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' ही कोरियन मालिका चीनमध्ये तुफान गाजली. नायिका चॉन सोंग-यी हिच्या अंगावरचा कोट चिनी चाहत्यांना हवा होता, पैसे हातात होते, पण कोरियन दुकानांचं संकेतस्थळ ॲक्टिव्हएक्स आणि प्रमाणपत्र मागत होतं. २०१४च्या मार्चमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी जाहीर बैठकीत या कोटाचा दाखला दिला. प्राध्यापकांच्या दाव्याला जे जमलं नाही, ते कोटाने सुरू केलं. तरीही प्रमाणपत्रांचं खास स्थान कायद्याने संपायला २०२०चा डिसेंबर लागला. २०२२च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर निवृत्त केला, तेव्हा ग्योंगजू शहरात एका कोरियन संगणक अभियंत्याने त्याची समाधी उभारली. इतर ब्राउझर उतरवून घ्यायला हा फार चांगला होता, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर कोरला होता.

भारतातही याची छोटी आवृत्ती होऊन गेली. ई-निविदा आणि कंपन्यांच्या नोंदी भरताना डिजिटल सही करायला कित्येक पोर्टलांना जावाचं ॲपलेट लागे. २०१५ साली क्रोमने आणि २०१७ साली फायरफॉक्सने असे बाहेरचे तुकडे चालवणं बंद केलं. त्यानंतर ठेकेदार आणि सीए यांच्या ऑफिसांत एखादा जुना संगणक 'याला कोणी अपडेट करू नका' अशी ताकीद देऊन कोपऱ्यात जपलेला असे.

मराठी वाचकाला मात्र प्रमाणक नसण्याचा खरा चटका बसला तो अक्षरांत. वेबवर मराठी आली तेव्हा देवनागरीसाठी युनिकोड हे प्रमाणक कागदावर तयार होतं; १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. पण घरच्या संगणकांना ते कळत नव्हतं. म्हणून वर्तमानपत्रांनी आपापले फाँट केले. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच, फक्त इंग्रजी 'के'च्या जागी 'क' किंवा आणखी काही काढलेलं. आणि कोणत्या अक्षराच्या जागी काय, हे प्रत्येकाचं वेगळं. फाँट उतरवून बसवला नाही, तर अग्रलेखाच्या जागी उद्गारचिन्हं, कंस आणि टोपी घातलेले स्वर यांचा सडा दिसे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाला विद्यापीठाच्या संगणकावर फाँट बसवायची परवानगी नसायची, त्यामुळे त्याला गावाकडची बातमी समोर असून वाचता येत नसे.

यावर 'पानासोबत फाँट आपोआप येईल' असा तोडगा निघाला, आणि तोही दोन तऱ्हांचा. एक्सप्लोररसाठी एका प्रकारची फाइल, नेटस्केपसाठी दुसऱ्या. ज्यांनी दोन्ही ठेवल्या त्यांचं पान दोघांत दिसे. मग २००४ साली फायरफॉक्स आला, त्याला दोन्ही कळत नव्हत्या. फायरफॉक्सला लावायचा 'पद्मा' नावाचा एक जोड मिळे, तो अशा घरगुती फाँटांतला मजकूर ओळखून पडद्यावर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. फाँट पाठवण्याची सर्वमान्य पद्धत ठरून वेब कन्सॉर्शियमचा शिक्का तिच्यावर बसला २०१२ साली.

मधल्या काळात युनिकोड घरोघर पोचलं. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली ती 'मंगल' या फाँटासह. तो केला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसावी म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये शिरून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची चौकट टिचकवायची आणि एक्सपीची सीडी शोधत बसायचं, हे अनेकांना आठवत असेल. पण मंडळी सरसावली, आणि मराठी मजकूर शोधता येऊ लागला, उचलून दुसरीकडे चिकटवता येऊ लागला. घरगुती फाँटांत पडलेली त्या आधीची कित्येक वर्षांची मराठी मात्र शोधयंत्राच्या लेखी आजही कंस आणि टोप्याच आहे.

युनिकोडनेही सगळं मिटलं असं नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे, आणि ते पडतं एका आडव्या 'र'मुळे. हा 'र' संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात, पण संगणकाच्या हिशेबी ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे एका रीतीने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असं नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणंही अशीच. २००९च्या शासन निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी सांगितले आहेत. हिंदीची वळणं वेगळी. सांकेतिक क्रमांक मात्र एकच. पान तयार करणाऱ्याने 'ही भाषा मराठी' असं सुरुवातीला नोंदवलं, फाँटात दोन्ही वळणं असली आणि ब्राउझरने ती नोंद वाचून फाँटाला सांगितली, तर मराठी वळण येतं. तीनही कड्या जुळल्या पाहिजेत. कित्येक मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या ओळीत मात्र 'भाषा: इंग्रजी' असंच राहून गेलेलं असतं, कारण नमुना कुठून तरी उचललेला.

मासिकात लेखाचं पहिलं अक्षर मोठं छापायची रीत आहे. वेबवर तशी सूचना दिली आणि लेख 'स्त्री' या शब्दाने सुरू झाला, तर मोठं काय करायचं: नुसता 'स्', की अख्खं 'स्त्री'? मराठी वाचणाऱ्या पोरालाही उत्तर ठाऊक आहे. युनिकोडचा नियम मात्र २०२३पर्यंत जोडाक्षराला एक अक्षर मानत नव्हता. तो त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत बदलला. भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा काय, याचा दस्तऐवज वेब कन्सॉर्शियममध्ये आहे. पण नियम लिहिला गेला म्हणजे तो सगळ्या ब्राउझरांत त्याच दिवशी उतरतो असं नव्हे.

नियम जिथे गप्प बसतो तिथे काय होतं, याचा एक मासलेवाईक नमुना तारखेचा. जावास्क्रिप्टमध्ये तारीख आणि वेळ लिहिताना मध्ये रोमन 'टी' घालायचा, असं प्रमाणक सांगतं. 'टी'ऐवजी मोकळी जागा सोडली तर काय करायचं, ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. क्रोम ती तारीख वाचायचा, सफारी 'तारीख अवैध' म्हणायचा. दोघेही नियमातच. फक्त क्रोमवर तपासून पाहिलेला अर्ज भरताना आयफोनवाल्या विद्यार्थ्याची जन्मतारीख अवैध ठरे, आणि त्याला वाटे आपणच काहीतरी चुकलो. आयफोनवर दुसरा ब्राउझर घेऊनही फरक पडत नसे, कारण तिथे सगळ्या ब्राउझरांना आतून सफारीचंच इंजिन वापरावं लागे. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे २०२४ साली तिथल्या आयफोनांपुरती ही अट सुटली.

गप्प बसण्याऐवजी सगळं लिहून काढायचं, ही कल्पना २००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी उचलली. वेब कन्सॉर्शियमला तेव्हा वेब काटेकोर करायची होती: पानात एक चूक सापडली की पान दाखवायचंच नाही, फक्त चूक असल्याचा संदेश. शिस्त म्हणून हे ठीक, पण जगातली बहुतेक पानं चुकांनी भरलेली. या तिघांनी वेगळी चूल मांडली आणि चुकलेलं पानसुद्धा सगळ्यांनी एकाच प्रकारे कसं रचायचं, याचे नियम पायरीपायरीने लिहिले. एचटीएमएल ५ ती हीच. २०१९ साली दोन्ही चुली एक झाल्या. जुनं मोडायचं नाही हा दंडक आता इतका कडक आहे, की २०१८ साली जावास्क्रिप्टमध्ये 'फ्लॅटन' नावाची सोय घालायचं ठरलं, तेव्हा मूटूल्स या जुन्या साधनावर चालणारी पानं त्या नावाने मोडतात असं दिसलं, आणि नवीन सोयीने नाव बदलून 'फ्लॅट' केलं. १९९६ सालचं 'स्पेस जॅम' या चित्रपटाचं संकेतस्थळ पंचवीस वर्षांनंतरही जसंच्या तसं उघडत होतं, ते अशा दंडकामुळेच.

आता पुन्हा एक ब्राउझर माजला आहे. मायक्रोसॉफ्टने आपलं इंजिन मोडीत काढून २०२०च्या जानेवारीत गुगलच्याच इंजिनावर नवा एज ब्राउझर आणला. ऑपेरा त्याआधीच तिकडे गेला होता. जगभरात दर तीनातले जवळजवळ दोन लोक क्रोम वापरतात. इंजिनं उरली तीन: क्रोमचं, सफारीचं आणि फायरफॉक्सचं. त्यातलं तिसरं अगदी थोड्यांचं. 'हा अर्ज क्रोममध्येच भरावा' अशा सूचना पुन्हा दिसू लागल्या आहेत. फरक इतकाच की या वेळी प्रतिस्पर्धी निदान एका टेबलाशी बसतात. २०२२पासून ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी काही दुखऱ्या जागा निवडतात आणि एकाच चाचण्यांवर सगळ्या ब्राउझरांना जाहीर गुण देतात.

सोंगं मात्र चालूच आहेत. २००९ साली ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा संकेतस्थळं तिच्या आकड्यातला पहिला अंक वाचून तिला पहिली आवृत्ती समजू लागली. स्वतःचं इंजिन सोडेपर्यंत ऑपेराने दारात आपण ९.८० आहोत असंच सांगितलं. २०२२ साली क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले, तेव्हा हीच धास्ती पुन्हा होती. फायरफॉक्सचं पुढे ११०ला अडलं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ स्वतःचं नाव लपवून 'लाइक गेको' म्हणत असे आणि 'आरव्ही:११' या खुणेवरून ओळखला जाई. फायरफॉक्स ११० आला की पुष्कळ संकेतस्थळांना तो मेलेला एक्सप्लोरर वाटू लागला असता. म्हणून ११०पासून ११९पर्यंतच्या सगळ्या फायरफॉक्सांनी त्या जागी निमूटपणे १०९ लिहिलं.

क्रोमनेही आपली ओळख आखूड केली आहे, खाजगीपणाच्या कारणाने. अँड्रॉइड फोन कोणत्याही कंपनीचा असो, कितीही नवा असो, कोल्हापुरातला असो की कॅलिफोर्नियातला, दारात तो स्वतःला 'अँड्रॉइड १०; के' एवढंच म्हणवतो. 'के' हे कुठल्या फोनचं नाव नाही, नुसतं एक अक्षर आहे, जुन्या दारवानांना तिथे काहीतरी लिहिलेलं लागतं म्हणून. आणि त्याच्याही आधी, नेटस्केप बंद पडून इतकी वर्षं झाली तरी, पहिला शब्द येतो तो मोझिला.